टाय घालून नारळ

कुणाला नारळ कसा द्यावा, या विषयात आमच्या एल्मशॉ गावात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही. कारण मला स्वतःला पाच क्लबांनी नारळ दिलाय! सतरा वर्षं मी फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनांमध्ये डाव्या बाजूचा बचाव सांभाळला. चारशे बारा सामने खेळलो, सहा गोल केले. त्यातले दोन आमच्याच जाळ्यात गेले, पण गेले हे महत्त्वाचं. आणि दर दोन-तीन वर्षांनी मे महिना आला की कुणीतरी मला सांगायचं, थ्रेलफॉल, आता तुझी गरज नाही.

सांगायच्या तऱ्हा तरी काय एकेक! पहिल्या क्लबने पत्र पाठवलं आणि त्यात माझं नाव चुकवलं. दुसरीकडे कपडे-बूट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने माझे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात दिले आणि म्हणाला, "घरी ने बाबा, इथं हरवतील." मी त्याचे आभार मानले! त्या पिशवीचा अर्थ मला तीन दिवसांनी कळला. तोवर साऱ्या संघाला माहीत होतं आणि मी त्यांच्यात हसतखेळत वावरत होतो. तिसऱ्या वेळी गाडीत रेडिओ चालू होता. माझी बायको लोरेन शेजारी बसलेली. ती म्हणाली, "गॅविन, हे तुझ्याबद्दल बोलतायत वाटतं." चौथ्या आणि पाचव्या वेळचं सांगत नाही, तुमची जेवणाची वेळ असेल.

पुढे गुडघा गेला. एल्मशॉ टाउन क्लबने मला सोळा वर्षांखालच्या मुलांचा कोच म्हणून घेतलं आणि आम्ही चाळीस मैलांवरून इथे राहायला आलो. तेव्हाच मी मनाशी शपथ घेतली की माझ्या हाताखालच्या एकाही मुलाला बुटांची पिशवी मिळणार नाही. नारळ द्यायची वेळ आलीच तर तो मी देईन, माणसासारखा, तोंडावर!

वेळ पहिल्याच मे महिन्यात आली. मुलं सोळाची झाली की त्यांतल्या काहींना क्लब दोन वर्षांसाठी करारावर घेतो आणि बाकीची घरी जातात. माझी मुलं चौदा होती, जागा पाच. रीस हॅलिवेल त्या पाचात नव्हता. त्याच्या नावावर काट मारणाऱ्या तिघांत मी एक होतो, हे आधीच सांगून टाकतो. पोरगा प्रामाणिक. एकदाही उशिरा आला नाही, एकदाही कुरकुरला नाही, फक्त चेंडूपाशी अर्ध्या पावलाने उशिरा पोचायचा. ते अर्धं पाऊल मला चांगलं ठाऊक होतं, कारण सतरा वर्षं मी तेच घेऊन धावलो होतो. त्याला पुढचे पाच नारळ मिळण्यापेक्षा आत्ताच एक मिळू दे, असं मला मनापासून वाटलं.

आमचे मुख्य, एन्टविसलसाहेब, सगळी कामं लॅपटॉपवर करतात. ते म्हणाले, "शुक्रवारी दुपारी सगळ्यांना ईमेल जाईल. मजकूर तयार आहे."

"सोळा वर्षांच्या पोराला ईमेल? मी त्याच्या घरी जाणार!"

"घरी?" मी चंद्रावर जातो म्हणालो असतो तरी त्यांनी भुवया एवढ्या वर नेल्या नसत्या. "बरं, जा. पण लांबण लावू नकोस."

बुधवारी मी इस्त्रीचा शर्ट काढला आणि क्लबचा लाल टाय बांधू लागलो. लोरेन दारात उभी राहून बघत होती.

"टाय कशाला?"

"आदर म्हणून! त्या घराला वाटलं पाहिजे की क्लबने आपल्याला काही किंमत दिली."

"आपल्या लग्नात तू टाय घातला नव्हतास."

"त्याचं काय आता!"

कार्डावर मी तीन वाक्यं लिहिली होती. कोच लोकांच्या शिबिरात आम्हाला शिकवलं होतं की आधी चांगलं बोलावं, मग हळूच मुद्द्यावर यावं. वाक्यं अशी: एक, रीसने सात वर्षं जीव तोडून मेहनत केली आहे. दोन, एल्मशॉ टाउनला त्याचा अभिमान आहे. तीन, परंतु पुढील दोन वर्षांसाठी क्लब त्याला करार देऊ शकत नाही. कुत्र्यासमोर उभा राहून मी दोनदा सराव केला. दोन्ही वेळा कुत्र्याने आनंदाने शेपूट हलवली. तिथेच मला शंका यायला हवी होती!

पाच वाजता मी हॅलिवेलांची बेल वाजवली. त्या घरात राहणारी माणसं तीन: रीस, त्याची आई शेरिल आणि आजोबा वॉल्टर. हे वॉल्टर ब्याऐंशी वर्षांचे. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दोन बस बदलून, ते नातवाला सरावाला आणायचे आणि गोलामागे घडीच्या खुर्चीवर चहाचा थर्मास घेऊन बसायचे. पावसातसुद्धा. सात वर्षं.

दार त्यांनीच उघडलं. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी फक्त टाय पाहिला.

"आलास," ते म्हणाले. मग आत वळून असे ओरडले की समोरच्या घराचा पडदा हलला. "शेरिल! अगं, टाय आला! आपल्या दारात टाय आला!"

"नाही, वॉल्टर, मी जरा—"

"आत ये, पोरा! पाय पुसू नकोस, तसाच ये!"

शेरिल बिस्किटांच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. अंगावर अजून पांढरा कोट. तिने मला पाहिलं, तोंडावर हात धरला आणि ती थेट रडायलाच लागली. "बसा कोच, बसा ना! मटण-बटाट्याचा हॉटपॉट चढवलाच आहे, जेवल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला!"

काय चाललंय ते मला कळेना. मला खिडकीतल्या खुर्चीत बसवून वॉल्टरनी ते सांगितलं. "ही बघ, ही खिडकी. अठ्ठावन्न साली मी पंधराचा होतो. क्लबचा माणूस येणार अशी कुणकुण होती. तीन दिवस रविवारचे कपडे घालून मी इथं बसून. तिसऱ्या दिवशी आला. गळ्यात असाच लाल टाय. गेटापर्यंत आला, पुढं गेला आणि बावीस नंबरच्या घरापाशी जाऊन थांबला."

"मग?"

"मग काय! सोमवारपासून गिरणीत." ते हसले. "या गावात अशीच रीत आहे रे. नको असलास तर पत्र येतं. हवा असलास तर टाय येतो."

मी चाळीस मैलांवरचा माणूस! मला हे कोण सांगणार? खिशातल्या कार्डावर हात ठेवून मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचं.

"वॉल्टर, शेरिल, ऐका. रीसने सात वर्षं जीव तोडून मेहनत केली आहे."

"केली आहे!" वॉल्टरनी टेबलावर मूठ आपटली. शेजारच्या नसीमबाई तेवढ्यात गरम भज्यांचं ताट घेऊन मागच्या दाराने आत आल्या होत्या. त्यांना बातमी कशी कळली देव जाणे. त्या म्हणाल्या, "मी रोज बघते ना त्याला! भिंत झिजवलीय माझी चेंडू मारून!"

"एल्मशॉ टाउनला त्याचा अभिमान आहे."

टाळ्या! शेरिलने मला मिठी मारली. घाम पुसत मी तिसरं वाक्य काढलं.

"परंतु—"

"परंतु खरी मेहनत तर आता सुरू!" वॉल्टर गरजले. "बरोबर बोललास! डोक्यात हवा जाऊ द्यायची नाही! शेरिल, ती शेरी वाइनची बाटली काढ. आणि बावीस नंबरवाल्यांना बोलाव. मुद्दाम बोलाव!"

माझं कार्ड असं होतं की त्यातली दोन तृतीयांश बातमी गोड निघाली. दहा मिनिटांत बावीस नंबरचं नवरा-बायकोचं जोडपं आलं. त्या बिचाऱ्यांना घर घेऊन जेमतेम चार वर्षं झालेली, अठ्ठावन्न सालाशी त्यांचा काहीएक संबंध नाही, पण वॉल्टरनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी निमूटपणे अभिनंदन केलं. माझ्या हातात शेरीचा पेला, मांडीवर भजी, समोर वाफाळणारं मटण आणि बटाटे. एवढी चांगली माणसं माझ्याभोवती कधी जमली नव्हती आणि इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात रीस बाहेरून आला. दारातच थांबला. त्याने आजोबांचा चेहरा पाहिला, टाय पाहिला, मग माझ्या डोळ्यांत पाहिलं. तो हसला नाही.

"कोच, जरा मागं येता?"

मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी होत्या. त्यांच्या आड उभं राहून मी तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"कसं?"

"पुढच्या वर्षीच्या कपड्यांची मापं घेतली ना दोन आठवड्यांपूर्वी. माझ्यापाशी आले, कागद बघितला आणि पुढं गेले."

मला बुटांची पिशवी आठवली. ज्याच्यापासून मी या पोराला वाचवणार होतो ते माझ्या नाकासमोर, माझ्याच मैदानावर झालं होतं आणि मी तेव्हा सरावाचे प्लॅस्टिकचे शंकू मांडत होतो!

"घरी का नाही सांगितलंस?"

"ईमेल येणार होता ना शुक्रवारी. आजोबांना एकट्याला गाठून वाचून दाखवणार होतो." त्याने हात पुढे केला. "कार्ड बघू."

मी दिलं. त्याने नीट वाचलं. "चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "पण 'परंतु' पहिल्यांदा टाकायला हवं होतं."

"रीस, मी आत जाऊन सांगतो."

"आज नको, कोच. जेवू दे त्यांना. मी सांगीन नंतर."

खरं सांगतो, मला ते फार हवंहवंसं वाटलं. पोटभर जेवावं, आभार मानून निघावं आणि उरलेलं या पोरावर सोडावं. पण मग वॉल्टर उद्या बसमध्ये सगळ्यांना सांगत फिरले असते. आणि सगळ्यांना माहीत असून आपल्यालाच माहीत नसताना हसत फिरणं काय असतं, ते मला माहीत आहे.

मी आत गेलो. वॉल्टर पेला उंच धरून उभे होते.

"वॉल्टर, थांबा. क्लब रीसला घेत नाहीये. मी तेच सांगायला आलो होतो. आणि त्या निर्णयात मीही होतो."

नसीमबाईंनी ताट हळूच खाली ठेवलं. शेरिल कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती ती तशीच थांबली. वॉल्टरनी पेला टेबलावर ठेवला, एक थेंब न सांडता. मग माझ्या गळ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मग टाय कशाला घातलास?"

"आदर म्हणून," मी म्हणालो. ते ऐकायला इतकं बावळट वाटलं की मी दुसऱ्यांदा बोललो नाही.

रीस त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला होता. "तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"दोन आठवडे."

"आणि तरी रोज आलास माझ्याबरोबर? दोन बस करून?"

"तुम्ही थर्मास भरून तयार बसलेले असायचात, आजोबा."

वॉल्टरनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.  मला तिथून निघून जायचं होतं, पण निघायचं कसं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हातारा माझ्याकडे वळला.

"तो अठ्ठावन्नचा माणूस. त्यानं खिडकीकडं मानसुद्धा वळवली नव्हती." ते खुर्चीत बसले. "तू आत तरी आलास. काढ तो टाय आता. गळ्यात फास अडकवून मटण उतरायचं नाही."

मी टाय काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. आम्ही सगळे जेवलो. हॉटपॉट तळापर्यंत संपवला. बावीस नंबरवाल्यांनी भांडी घासली, न सांगता.

टाय मी तिथेच विसरलो. हल्ली रीस बिस्किट-कारखान्याच्या संघातून शनिवारी खेळतो. अजूनही अर्ध्या पावलाने उशिरा पोचतो, पण त्या संघात सगळेच तसे. गोलामागे घडीच्या खुर्चीवर वॉल्टर असतात, गळ्यात लाल टाय. मी कधीकधी त्यांच्या शेजारी उभा राहतो. ते थर्मासच्या झाकणात मला चहा देतात. टाय मी मागितला नाही, मागणारही नाही.

त्या दिवसापासून वाईट बातमी द्यायला मी साध्या स्वेटरमध्ये जातो आणि दारातच 'परंतु'पासून सुरुवात करतो. ही पद्धत उत्तम आहे आणि ती मी शिबिरातसुद्धा शिकवली. अडचण एवढीच की गाव छोटं आहे. परवा बूथबाईंच्या मुलाला करार मिळाल्याचं सांगायला मी त्याच स्वेटरमध्ये त्यांच्या घरी गेलो, तर पडदा हलला, आतून एक हुंदका ऐकू आला आणि दाराची कडी लागली! शेवटी पायरीवर गुडघे टेकून, त्यातला एक निकामी, पत्रं टाकायच्या फटीतून मला ओरडावं लागलं, "अहो, घेतलाय! तुमच्या पोराला घेतलाय!"

 मग फटीशी दोन डोळे आले आणि त्यांनी माझा गळा नीट तपासला.

"मग टाय कुठाय?"