आप्पांचा पंचनामा

आमचे शेजारी आप्पा रोज सकाळी सात वाजता स्वतःचाच पंचनामा करतात, आणि त्यावर पंच म्हणून सही माझी असते. खोटं वाटत असेल तर आमच्या मुरुम गावाला या, वही दाखवते. आप्पा सांगतात, मी लिहिते: "आज रोजी सदर इसम खाटेवरून स्वतः उठला. काठीसह उंबऱ्यापर्यंत चालला. वाटेत एकदा भिंत धरली. उजवा पाय ओढतो." एकदा दूध उतू जातंय म्हणून मी सही न करताच पळाले, तर दुपारपर्यंत भिंतीपलीकडून हाका चालू. "अक्का, पंचाची सही ऱ्हायली! कागद कच्चा हाय!"

आप्पा जन्मभर सरकारी मोजणीदार होते. शेताच्या धुऱ्यावरून भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या की मधे मोजणीची साखळी टाकून उभा राहणारा माणूस. पंच हजर असल्याशिवाय त्यांनी कधी साखळी उलगडली नाही. दीड वर्षापूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली, पण मोजणी काही अंगातून गेली नाही. दवाखान्यातून घरी आणलं आणि महिन्याभरात त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या. सैपाकघरात पडल्या त्या उठल्याच नाहीत. मी तेव्हा लेकीकडं लातूरला होते. त्या दिवसाबद्दल आप्पा कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

माझं म्हणाल तर मी ब्लाऊज शिवते, एकटी राहते आणि एक नंबरची भित्री आहे. पाल दिसली तरी मी गल्ली गोळा करते. त्यात आप्पांची नि माझी भिंत एक. उजाडलं की माझा कान भिंतीला. पलीकडून काठीची टकटक आली की जीव भांड्यात पडतो. एकदा साडेसात वाजले तरी टकटक नाही. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडं असते, ती घेऊन अनवाणीच धावले. काकूंसारखंच झालं, हेच डोक्यात. दार उघडून बघते तर आप्पा खाटेवर बसून उशीखाली पेन शोधतायत.

"पेन न्हाय तर चालून काय फायदा?" म्हणाले.

असा राग आला मला! वय बघून गप्प बसले, नाहीतर तीच काठी घेतली असती.

मग त्यांनी नवीन खूळ काढलं. सैपाकाला येणाऱ्या बाईकडून चुन्याच्या फक्कीनं खुणा मारून घेतल्या. खाटेपासून उंबरा, उंबऱ्यापासून दोन पायऱ्या, आणि अंगणातून थेट माझ्या दाराच्या दिशेनं एकेक पावलावर पांढरी खूण. मला वाटलं, ही हद्दीचीच मोजणी. कारण माझा धुण्याचा दगड वीतभर आप्पांच्या हद्दीत आहे, हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. आता म्हातारा मोजणी लावणार, ह्या वयात मला तहसिलीच्या पायऱ्या चढायला लावणार! मी एका दुपारी गुपचूप दगड अलीकडं सरकवला. कंबर धरली ती आठ दिवस सुटली नाही.

आप्पा हळूहळू एकेक खूण पुढं सरकायचे. मी सही करायची आणि मनात म्हणायची, आला बाई जवळ.

पायऱ्यांच्या पुढच्या तिसऱ्या खुणेवर आप्पा पडले. माझ्या डोळ्यांदेखत. काठी एकीकडं, माणूस एकीकडं. मी धावले. कसंतरी उठवून बसवलं, कोपरातून रक्त येत होतं, आणि हा बाबा म्हणतो, "आधी लिवा. सदर इसम पडला."

"आणि महेशला?"

"त्याला न्हाय सांगायचं. वहीत लिवायचं."

महेश म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला सातव्या मजल्यावर राहतो. पोरगा चांगला आहे, पण त्याचाही जीव टांगणीला. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, सहा महिने व्यायाम करा. मग मॅडम तपासतील. एकटं राहण्यासारखे असाल तर राहा, नाहीतर माझ्यासंगं चला." पुण्याचं नाव काढलं की आप्पांचा चेहरा उतरायचा. आपलं दार सोडायचं भेव, मी समजायची.

मॅडम म्हणजे उमरग्याच्या फिजिओथेरपीवाल्या नाझनीन मॅडम. वयानं लहान, पण आप्पांसमोर त्यांनीही हात टेकले होते. त्यांच्या कागदावर एक रकाना असतो, 'तुमचं ध्येय काय'. कुणी लिहितं अणदूरच्या खंडोबाला जायचंय, कुणी लिहितं मोटारसायकल चालवायचीय. आप्पांचा रकाना सहा महिने कोरा. विचारलं की म्हणायचे, "मोजणी पुरी झाल्याबिगर नकाशा दावत नसतेत."

तपासणीच्या दिवशी महेश गाडी घेऊन आला. पंच म्हणून मला न्यावंच लागलं. उमरग्यापर्यंत मी गाडीत नखं खाल्ली. ते पडल्याचं पान वहीत होतं आणि वही आप्पांच्या मांडीवर.

परीक्षा दिसायला सोपी. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटरवर जमिनीला लाल पट्टी चिकटवलेली, तिथवर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मॅडमच्या हातात घड्याळ. आप्पांना पंधरा सेकंदांच्या आत यायचं होतं. आप्पा उठले. वळताना उजवा पाय अडखळला, मी तोंडात पदर कोंबला. पण बसले बाई!

"चौदा! शाब्बास काका!" मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. महेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

आप्पा मात्र खाली बघत होते. "मॅडम, हे तीन मीटर न्हाईत."

खिशातून टेप काढला. मी हळूच म्हटलं, "आप्पा, गप बसा." महेश म्हणाला, "बाबा, राहू द्या ना!" ऐकतो कोण! टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मोजलं. वीतभर कमी भरलं. मॅडमच्या लक्षात आलं, मागच्या आठवड्यात व्यायामाची नवी सायकल ठेवायला जागा केली, तेव्हा पट्टी सरकवली होती.

"एवढं चालतं काका."

"न्हाय चालत. वीतभर सरकल्यावर मानसं मेलेली बघितलीत म्या. पट्टी नीट लावा, फिरून घ्या."

फिरून घेतलं. पाय आधीच दमलेला. ह्या खेपेला मी डोळेच मिटले. खुर्ची करकरली तेव्हा उघडले.

"सोळा," मॅडम हळूच म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं. एवढ्या सह्या केल्या मी, त्या काय ह्यासाठी? संतापून म्हटलं, "लई खरं बोलायची हौस ना तुम्हाला? आता तो रकाना तरी भरा. एवढं कुठं जायचं होतं?"

आप्पांनी वही मिटली. टेपची पट्टी आत सरकवली.

"महेशची आई पडली तवा भांडं वाजलं. मग हाक आली. खाटेपासनं सैपाकघर बारा पावलं. म्या मागनं मोजलीत. तवा मला कूससुदिक बदलता येत नव्हती. तीन हाका मारल्या तिनं. मग थांबली." त्यांनी माझ्याकडं हात केला. "ही अक्का एकटी ऱ्हाते. भित्री हाय. तिच्या दारापत्तोर एकतीस पावलं हाईत. हाक आली तर पोचाया पायजे. एवढंच हाय ध्येय. लिवा."

महेश खाली मान घालून बसला. मॅडमनी रकाना भरला, अक्षर जरा वाकडंच आलं. मला माझा तो धुण्याचा दगड आठवला आणि स्वतःची अशी लाज वाटली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी महेशनं पायऱ्यांना लोखंडी दांडी बसवून घेतली आणि एकटाच पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "मावशी, मॅडम म्हणाल्या आणखी तीन महिने बघू. मग परत मोजू."

परवा सकाळी मी भिंतीशी कान लावला नाही. दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले आणि मोठ्यानं हाक मारली, "आप्पा!"

खाट वाजली. काठी वाजायला लागली. दांडी धरून दोन पायऱ्या उतरताना बघवत नव्हतं, पण ह्या खेपेला डोळे मिटले नाहीत. जिथं पडले होते त्या तिसऱ्या खुणेवर थांबले. पुढं निघाले. एकतिसाव्या खुणेवर, माझ्या दारात, घामाघूम.

"काय झालं अक्का?"

"काही न्हाय. नुसती हाक मारून बघितली."

मला वाटलं चिडतील. त्यांनी डाव्या हातानं चौकट धरली, दम घेतला आणि काखेतली वही माझ्यापुढं केली.

"मग लिवा की," म्हणाले. "सदर इसम हाकेला पोचला."