गॅस उडवायचा नाय

आमच्या आळीत कुणाकडे एसी दुरुस्तीला माणूस आला, की त्याच्या मागोमाग बापूकाका हजर. खांद्यावर रिकामा सिलिंडर, हातात गॅस ओढून घेणारं यंत्र आणि तोंडी एकच वाक्य, “गॅस उडवायचा नाय हां.”

काका आमचे शेजारी. सगळा जन्म बोटीवरचे एसी आणि शीतगृहं सांभाळण्यात गेला. निवृत्त होऊन रत्नागिरीत परतले आणि त्यांनी हा उद्योग मांडला. दुरुस्तीआधी नळीत उरलेला गॅस हवेत सोडून देणं मेकॅनिकला सोपं पडतं. काकांना ते बघवत नसे. जुना गॅस ओझोन खातो, नवा हवा तापवतो, हे ते भेटेल त्याला सांगत. कलमांचा मोहोर करपला तरी त्यांचा पहिला संशय एसीवर. लग्नाला गेले, तर अक्षता हातात घेऊन आधी हॉलच्या मागची मशिनं बघून येत. स्वतः मात्र ओटीवर पंच्याने वारा घेत बसत. हा माणूस तत्त्वापायी उकडून घेतो, असंच आम्ही समजत होतो.

गेल्या मे महिन्यात आईच्या खोलीतला एसी बंद पडला. अर्धांगाने ती अंथरुणाला खिळलेली, उकाड्याने अगदी हैराण. मेकॅनिक नळी सोडवणार, एवढ्यात काका आले. गॅस भरून घेण्यात तासभर मोडला. त्यात कॉइल दुकानात न्यावी लागणार, म्हणजे काम उद्यावर. मी वैतागलो. म्हटलं, काका, पृथ्वीचं राहू दे, आईने आजचा दिवस कसा काढायचा?

काकांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, “वहिनींना माझ्याकडे आण.”

खुर्चीत बसवून आम्ही तिला नेलं. त्यांच्या आतल्या खोलीत चक्क एसी होता. रिमोटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. काकांनी त्यात नवे सेल घातले.

“आमच्या हिला उकाडा सोसत नसे. मी बोटीवरून सांगून बसवून घेतला,” ते म्हणाले. “तो बसला आणि दोनच दिवसांत, मी घरी पोचायच्या आधीच, ही गेली. मग एकट्याला कशाला लावायचा?”

खोली गार झाली, आईला गाढ झोप लागली. काका बाहेर जाऊन बसले. संध्याकाळी जागी झाल्यावर आईने त्यांना हाक मारली. आजारपणात तिचे शब्द जड झालेत, पण हे स्पष्ट आले. “भावजी, आत या. बाहेर उकडतंय.”

काका दारात जरा थांबले, मग आत आले.

आमचा एसी दुसऱ्या दिवशी चालू झाला. तरी महिनाभर, दुपार झाली की आई म्हणे, मला भावजींकडे ने. तिचा तो उन्हाळा सुखाचा गेला, हे काकांचे उपकार आम्ही विसरणार नाही. ती डोळे मिटून पडलेली असे आणि काका तिला लांबलांबच्या बंदरांच्या गोष्टी सांगत असत. बायकोला सांगायच्या राहून गेलेल्या.