मालकांच्या कानावरची खाच

गाळ्याचे मालक खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती फडकं होतं, आणि उस्तादांच्या सलूनचा करार पुढे वाढवायचा की नाही, हे ते केस कापून झाल्यावर सांगणार होते. नेमकी तेव्हाच उस्तादांना शिंक आली. हातातल्या मशीनने मालकांच्या उजव्या कानाच्या वर सरळ रस्ता काढला.

"हे काय केलंस?" मालक आरशात बघून गरजले.

उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या फळीवर त्यांचा फोन पडला होता. बुडत्याला काडीचा आधार!

"मी नाही साहेब, एआयने सुचवलं. तुमच्या चेहऱ्याचा अभ्यास करून."

मालकांचा चढलेला आवाज मध्येच थांबला. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. माणसाची म्हणून जी चूक डोळ्यांत खुपत होती, ती यंत्राची म्हटल्यावर त्यांना शोभायला लागली.

"काय म्हणाले ते?" त्यांनी अदबीने विचारलं. उस्तादांना त्यांनी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. फोनला मात्र पहिल्याच भेटीत केलं.

"म्हणाले, कर्तबगार माणसाला साधी कटिंग शोभत नाही."

"बघ! तुला कळलं असतं का हे कधी?"

कराराचं महिनाअखेरीस बघू म्हणत मालक ती खाच मिरवत बाजारभर हिंडले. झालं, दुकानासमोर रांग लागली आणि दारावर 'एआय कटिंग' अशी पाटी. शिंक काही हुकमी येत नाही, म्हणून उस्ताद मुद्दाम हात घसरवायला शिकले. त्यातच एक निवृत्त मुख्याध्यापक आले. "माझ्या डोक्याला यंत्र शिवता कामा नये!" त्यांच्यासाठी कोपऱ्यातली खुर्ची 'शुद्ध मानवी' ठरली. कात्री तीच, हात तोच, फक्त फोन पालथा. गर्दीच्या घाईत त्यांची मिशी एका बाजूने आखूड झाली, तर म्हणाले, "याला म्हणतात माणसाचा स्पर्श!" इतकी वर्षं नीट कापलेल्या केसांना कुणी बरं म्हटलं नव्हतं, याचं उस्तादांना फार वाईट वाटे. पण धंदा जोरात होता.

महिनाअखेरीस मालक भाच्याला घेऊन आले. हा भाचा काहीच करत नसे, आणि त्यात तो तरबेज होता.

"करार संपला. आता गाळा हा चालवणार."

"अहो, पण त्याला कात्री धरता येत नाही!"

"डोकं एआयचं चालतं. हात काय, कुणाचाही चालतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उस्तादांनी मग सगळं खरं सांगून टाकलं. "साहेब, एआय-बीआय काही नव्हतं हो. मला शिंक आली होती!"

मालक दयेने हसले. "पोटावर पाय आला की माणसं असंच बोलतात. मी त्यांनाच विचारून आलोय."

उस्ताद घरी बसले. बायको म्हणाली, "विचारा की आता फोनला, उद्या काय खायचं ते."

आठवडा व्हायच्या आत दार वाजलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून मालक उभे! टॉवेल सुटला तशी बायको तोंडावर हात दाबून आत पळाली. अर्धं डोकं नांगरलेलं होतं, अर्धं पडीक.

"भाच्याकडे त्यांचं मन लागत नाही," मालक हळूच म्हणाले. "तुझ्याशी त्यांचं जमतं. ही किल्ली घे, करार वाढवतो. पण त्यांना घेऊन चल."

दुकानात उस्तादांनी फोन फळीवर उभा केला. त्याची बॅटरी सकाळीच संपली होती. उरलेला एकेक केस सांभाळत, जीव ओतून त्यांनी ते डोकं पुन्हा माणसांत आणलं. एवढं सुंदर काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. आरशात बघताना मालकांचे डोळे भरून आले.

"धन्य आहे तुमची!" ते उठले आणि फोनच्या काळ्या पडद्यापुढे त्यांनी हात जोडले. मग उस्तादांकडे वळून म्हणाले, "बघतोस काय? केस झाडून घे."