सत्तर किलोची स्प्रिंग

चिंतामणरावांनी सायकलचा मागचा, धक्के झेलणारा शॉक बदलायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं. बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा हा गृहस्थ रविवारी पुढे-मागे सस्पेन्शनवाली माउंटन बाईक घेऊन डोंगरवाटा तुडवायचा. दिवाळीत तो पायवाटेने राजूर घाट उतरून सासुरवाडीला निघाला होता. निम्म्यात जुन्या शॉकने मान टाकली आणि जावईबापू सायकल खांद्यावर घेऊन दारात हजर झाले. मेहुणा गोपाल ती हकिकत अजून चवीने सांगत होता.

आता धोंड्याचा महिना लागला होता आणि सासूबाईंचं आवतण आलं होतं. बायकोने, शकुंतलाबाईंनी, अट घातली, "यंदा सायकलवर या अन् सायकलवरच निघा. नाही जमलं तं देऊन टाका गोपालले. शेतात जायले कामी येईन."

चिंतामणरावांनी वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. (आत्मविश्वास हा त्यांचा जन्मजात गुण. बाकीचे अजून यायचे होते.)

आठवडाभर त्यांनी मोबाईलवर अभ्यास केला. हवेचा शॉक पंपाने हवा तसा कडक-मऊ करता येतो. स्प्रिंगचा घ्यायचा तर स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाच्या मापाने मागवावी लागते. पण हवेवर चाललेला कारभार त्यांनी कचेरीत रोजच पाहिला होता, म्हणून स्प्रिंग पक्की झाली. पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, सर, वजन सांगा, अगदी खरं.

समोर शकुंतलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"सत्तर," चिंतामणराव म्हणाले.

लग्नाच्या वेळी बायोडाट्यात त्यांनी हाच आकडा लिहिला होता आणि तेव्हापासून त्यात बदल करण्याचं त्यांना कारण दिसलं नव्हतं. मध्यंतरी कचेरीतल्या आरोग्य शिबिरात काटा नव्वदीला टेकला होता, पण तो काटा बिघडलेला असणार. शकुंतलाबाईंनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मेथीत लक्ष घातलं.

शॉक आला, बसवला. चिंतामणराव सायकलवर बसले तशी सायकलही खाली बसली. याला म्हणतात मऊपणा, असं त्यांनी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं.

ठरल्या दिवशी शकुंतलाबाई एसटीने पुढे गेल्या आणि हे पायवाटेने घाट उतरू लागले. प्रत्येक दगडाला मागून ठक् असा आवाज यायचा, पेडल जमिनीला घासायचं आणि धक्का थेट टाळूपर्यंत पोचायचा. पण पठ्ठ्याने पाय टेकला नाही. घंटी वाजवत अंगणात शिरले तेव्हा गोपालचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चिंतामणरावांना मनापासून आनंद झाला.

मग जेवण झालं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि नको म्हटलं की सासूबाईंचा चेहरा पडायचा. "कितीक सुकले जावाईबापू," असं म्हणत त्या वाढत राहिल्या. निघताना तेहतीस अनारसे आणि पितळी निरांजन पाठीवरच्या बॅगेत गेलं. सगळं घर निरोपाला अंगणात आलं.

चिंतामणराव ऐटीत सीटवर बसले. ठक्. स्प्रिंग तळाला टेकली, पेडल फाटकातल्या दगडावर आपटलं आणि जावई अनारशांसकट कडब्यावर आडवा झाला. उठून पुन्हा बसले. पुन्हा कडबा.

गोपालने उकिडवं बसून शॉक पाहिला. "भाऊजी, हे तं पुरं दबून राह्यलं. किती वजनाची स्प्रिंग हाय?"

"सत्तरची," शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यायच्याच वजनाची." मग नवऱ्याकडे वळल्या. "आता तुमीच सांगा. वजन चुकलं का चालवणं चुकलं?"

वजन चुकलं म्हटलं असतं तर सुटले असते. जाड स्प्रिंग मागवायची, सायकल आपली आपल्याकडे. पण समोर सासू, सासरे आणि मेहुणा उभे होते. चिंतामणरावांनी पोट आत घेतलं.

"वजन सत्तरच आहे," ते ठामपणे म्हणाले. "आज चालवणंच जमलं नाही."

अट ती अट. अंगाने बेताचा गोपाल सहज म्हणून सायकलवर बसला आणि बांधावरून, नाल्यातून अशी गेली ती सायकल, की चिंतामणरावांना स्वतःच्या निवडीचा अभिमान वाटला. ते एसटीने घरी आले. मांडीवर अनारसे होते.

चार-आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. सर, स्प्रिंग बरोबर बसली ना वजनाला?

समोर शकुंतलाबाई मेथी निवडत होत्या. चिंतामणराव हातातला शेवटचा अनारसा संपवत म्हणाले, "एकदम बरोबर. चालवणारा सत्तर किलोचाच आहे."

"अगं बाई," शकुंतलाबाई म्हणाल्या, "आज पयल्यांदा खरं बोलले."