डाव्या बाजूचं सारण

आमच्या शेजारचे दामलेकाका सारण पानात डाव्या बाजूला वाढतात. म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि त्यांच्या शेजारी चक्क सुक्या मेव्याचं सारण! पोळीशी खा, वरणभाताशी खा. डोंबिवलीत माणसं वाट्टेल ते खातात, पण वरणभाताशी अक्रोड खाणारं घर हे एकच.

सोसायटीच्या गणपतीतही काकांनी पातेलं घेऊन स्वतः पंगतीत वाढलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, हे मोदकात भरायचं राहिलं काय?"

"पारी म्हणजे नुसतं पॅकिंग हो! तुम्ही आतला माल बघा."

माल मात्र नंबरी. खजूर, अंजीर, बेदाणे, काजू, अक्रोड. मिक्सरला हात लावायचा नाही, सगळं अडकित्त्याने कातरायचं. मग तुपावर परतता परतता पारीला शिव्या, त्याही अख्ख्या जिन्याला ऐकू जातील अशा. "नुसता मैदा! पोटाला त्रास!" म्हातारा थोडा सरकलाय, असं माझं स्पष्ट मत होतं.

वसुधाकाकू आतल्या खोलीत पलंगावर असतात. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, बोलणंही गेलं. ऐकू मात्र सगळं येतं. पूर्वी त्या घरात सारण काकांचं आणि पारी काकूंची, अशी वाटणीच होती. काकूंची करंजीची मुरड बघायला बिल्डिंगमधल्या बायका जमायच्या.

या दिवाळीत काकांनी नेहमीसारखं वाडगंभर सारण दिलं. माझ्या बायकोला, सुनीताला, वाईट वाटलं. तिने त्याच्या करंज्या केल्या आणि ताट घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. काका बाहेर आले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं. या माणसाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"अगं, आत नको नेऊस. पारीवाचून आमचं काही अडत नाही, असं मी तिला रोज ऐकवतोय. हे ताट बघितलं तर तिला वाटेल, करंज्या चालूच आहेत, फक्त आपणच थांबलो."

सुनीताच्या डोळ्यांना धार लागली. मी ताट परत आमच्या घरी नेलं.

काका आमच्याकडे आले. उभ्या उभ्या एक करंजी खाल्ली, मग दुसरी. "तिची मुरड याहून बारीक असायची," एवढंच म्हणाले. बेसिनवर चूळ भरली, सदऱ्यावरचा चुरा झटकला आणि सुनीतासमोर उभे राहिले.

"मिशीला काही चिकटलं नाही ना गं? नजर अजून तेज आहे तिची."