पाळण्यावरची बुरशी

डॉक्टर परचुरे कुणाकडेही गेले की बसण्याआधी सोफा पुढे ओढून मागच्या भिंतीवर तळवा टेकवतात. इंग्लंडात, मेडनहेडच्या आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळे शिऱ्याचं कौतुक करत होते, डॉक्टर म्हणाले, "ओल आहे." ओल खरंच होती, म्हणून राग जास्त आला.

आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत छातीचे डॉक्टर. रिटायर झाल्यावर त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पत्रकारांचं वेड लागलं. कारखान्यांत, मजुरांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरून मालकांचं पितळ उघडं पाडणारी ती माणसं डॉक्टरांना सख्ख्या चुलत्यांसारखी. इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मोदकांचा विषय निघाला तरी, "शिकागोच्या कत्तलखान्यात काय चालायचं, ठाऊक आहे?" मग मोदक कुणाला जातोय! "आधी छापा, मग बघू," हे त्यांचं ब्रीद.

सॉफ्टवेअरची मुलं वर्क परमिटवर भराभर येत होती, तेव्हाची गोष्ट. मी मंडळाची सेक्रेटरी. गणपतीची स्मरणिका छापायला जाणार, तेवढ्यात डॉक्टरांचा लेख आला. आमचाच देणगीदार नितीन, त्यानं भाड्यानं दिलेलं घर, पाळण्यावरच्या काळ्या बुरशीचा फोटो. सगळं नावानिशी. शिवाय मालकाची बाजू विचारायची असते म्हणून एक प्रत खुद्द नितीनला!

त्याचा फोन आलाच. "छापा वहिनी, खुशाल छापा. प्राजक्ताला लगेच नोटीस देतो."

प्राजक्ता ही त्या घरातली भाडेकरू, नागपूरची. नवरा कामासाठी ब्रिस्टलला, कडेवर सारखं खोकणारं बाळ. मी मायलेकरांना गाडीत घातलं आणि थेट डॉक्टरांचं दार गाठलं.

"लेख मागे घ्या," मी म्हटलं.

"अमेरिकेतल्या मालकांनीही अशाच धमक्या दिल्या होत्या. त्या पत्रकारांनी माघार घेतली नाही."

"काका," प्राजक्ता म्हणाली, "ते लोक लेख छापून आपापल्या घरी जात होते ना? आम्ही कुठं जायचं, सांगा बरं."

डॉक्टर पुन्हा अमेरिकेत शिरणार, तेवढ्यात बाळ खोकलं. डॉक्टरांनी मान कलती करून तो खोकला शेवटपर्यंत ऐकला.

"वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत," ते हळूच म्हणाले. "आमची ही गेल्यापासून हीटिंग लावलेलं नाही. आज लावतो." मग माझ्यावर डाफरले, "लेखातला शब्दही कापायचा नाही!"

लेख छापला. नोटीस आली, देणगी गेली. मी व्हॅन ठरवली आणि सामान डॉक्टरांकडे हलवलं.

वसंतात प्राजक्ताचा नवरा परत आला. मी त्यांच्यासाठी एक फ्लॅट शोधला. कोरडा, उबदार, भरपूर उजेडाचा. डॉक्टर बाळाला कडेवर घेऊन बघायला आले. सगळ्या खोल्या फिरले, भिंतीभिंतीवर तळवा टेकवला. शेवटी खिडकीशी उभे राहून म्हणाले, "स्टेशन फार लांब पडेल."

खिडकीतून समोर प्लॅटफॉर्म दिसत होता.

मी तोंड उघडणार, तोच प्राजक्तानं माझा हात दाबला.

"हो काका," ती म्हणाली, "लांबच आहे."