आंब्रे बसत नाहीत

जयप्रकाश आंब्रे ओट्यावर ताट ठेवून उभ्याने जेवत होता आणि त्याची बायको वैजयंती त्याच ओट्यावर पोळ्या लाटायला जागा शोधत होती.

"अहो, जरा सरका की."

तो ताट उचलून खिडकीपाशी गेला. तिथे दोन घास खाल्ले. मग दाराशी, मग पुन्हा ओट्याशी. येता येता आमटी सदऱ्यावर सांडली.

"एका जागी जेवा हो! तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलंय."

जयप्रकाशचा इलाज नव्हता. तुर्भ्याच्या एका कारखान्यात तो विजेच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळायचा. दिवसभर स्टुलावर बसून करायचं काम. पावसाळ्यापूर्वी एकदा जिन्यावर सांडलेल्या तेलावरून त्याचा पाय सटकला आणि तो थेट बुडावर आपटला. माकडहाडाला तडा गेला. हाड सांधलं, दुखणं राहिलं. चालताना त्याला बरं वाटे, उभं राहिलं तर निभावे, कुशीवर झोपही लागे. पण बसला, की थोड्याच वेळात खाली कोणीतरी खिळा ठोकतंय अशी कळ मस्तकात जाई. कंपनीने सांगितलं, उभ्याने करायचं काम आमच्याकडे नाही. विमा ऑफिसात अर्ज कर, अपंगत्वाचं पेन्शन मिळेल.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं.

"चालता येतं?"

"येतं."

"जिना चढता येतो?"

"येतो."

"मग त्रास काय आहे?"

"बसता येत नाही."

"मग बसू नका," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बेलापूरच्या त्यांच्या नव्या कॉलनीत तर कोणाचा विश्वासच नव्हता. सकाळ-संध्याकाळ रस्त्याने झपझप चालणारा माणूस आजारी असतो, हे पटवायचं कसं? उलट याला उभं राहायला काहीच वाटत नाही म्हटल्यावर रॉकेलची रांग असो की दुधाची, सगळी बिल्डिंग आपापले कॅन आणि बाटल्या आंब्रेंच्या दारात आणून ठेवू लागली.

"मला ठाऊक आहे हो, दुखतं ते," वैजयंती म्हणे. "पण लोकांना दिसायला नको का? थोडं कण्हत तरी जा."

"चाललो की दुखत नाही. मग कण्हू कशाला?"

"मग नका कण्हू. जाताय तर कोथिंबीर आणा."

अशात विमा ऑफिसचं पत्र आलं की चौकशीसाठी अधिकारी घरी येतील. कधी, ते लिहिलं नव्हतं. झालं, जयप्रकाशच्या फेऱ्या दुप्पट झाल्या.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या दिलीप नाफडेची नाशिकला बदली झाली. त्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा होता.

"आंब्रे, गुरुवारी सकाळी एक पार्टी बघायला येतेय," किल्ली हातात देत दिलीप म्हणाला. "मी ड्युटीवर असेन. तुझं नाव सांगितलंय. आणि हे बघ, नुसता फ्लॅट दाखवू नको, एरिया दाखव. स्टेशन नाही, मार्केट नाही, असं बघून लोक पळतात यार. हवा सांग. हवा एकदम जोरात सांग!"

गुरुवारी सकाळी जयप्रकाश फाटकापाशी येरझारा घालत होता, तेवढ्यात चष्मा लावलेला, काखेत बॅग धरलेला एक गृहस्थ आला.

"जयप्रकाश आंब्रे कुठे राहतात?"

"मीच!"

"मी बघायला आलोय."

"या, या! तुमचीच वाट बघत होतो. आधी घर बघता की आधी एरिया?"

गृहस्थ जरा घोटाळला. त्याचं नाव श्यामसुंदर बिवलकर. तो विमा ऑफिसचा अधिकारी होता, आणि अर्जदाराने इतक्या आनंदाने त्याचं स्वागत केल्याचा त्याला अनुभव नव्हता.

"मला सगळंच बघायचंय," तो सावधपणे म्हणाला. "तुम्ही कुठे जाता, काय करता, दिवस कसा घालवता..."

चोखंदळ गिऱ्हाईक आहे, जयप्रकाशने मनाशी म्हटलं. "चला तर मग."

आणि तो निघाला. अर्धवट बांधलेल्या इमारतींमधून, खडीच्या ढिगांवरून, जिथे पुढेमागे बाग होणार होती त्या चिखलातून. बिवलकर बॅग सांभाळत मागे धावत होता.

"रोज... रोज एवढं चालता तुम्ही?"

"हे काहीच नाही!"

"दम लागत नाही?"

"दम? इथे? अहो, इथली हवाच तशी आहे. मुंबईत मरगळलेला माणूस इथे आला की घोडा होतो."

"आणि दुखणं-बिखणं? कंबर वगैरे?"

जयप्रकाश क्षणभर थबकला. पण दिलीपला शब्द दिला होता. "कंबरदुखी? इथे आलेल्या माणसाची कंबरदुखी डायरेक्ट खाडीत जाते, साहेब! माझ्याकडे बघा ना. कसा ठणठणीत आहे!"

"बघतोय," बिवलकर म्हणाला.

चालत चालत दोघे खाडीकाठच्या दिवाळे गावाच्या धक्क्यावर पोचले. यशोदाबाई कोळीण जवळा वाळत घालत होती. जयप्रकाश रोज फिरत तिथवर यायचा, त्यामुळे ओळख होती.

"बसा रं दोगं जरा. पावन्याचा तर पार जीव गेलाय."

बिवलकर पालथ्या टोपलीवर कोसळला आणि त्याने बूट काढले. जयप्रकाश त्याच्यासमोर इकडून तिकडे चालत राहिला.

"तुमीपन बसा," बिवलकर थकून म्हणाला. दम लागल्यावर त्याची भाषा साधी व्हायची.

"त्यो नाय बसायचा," यशोदाबाई म्हणाली. "रोज येतो, पन बूड टेकलेला मी कदी बगला नाय. कायतरी दुकतंय त्याला, सांगत नाय इतकंच. मानूस उगाच असा भिंगरीवानी फिरतो काय?"

जयप्रकाशने घाईने मध्ये तोंड घातलं. फ्लॅट जातोय हातचा! "छे छे, मावशी! दुखतंय कुठलं? मला बसायचाच कंटाळा. उत्साह, साहेब, नुसता उत्साह! इथे बसून राहावंसं वाटतच नाही कोणाला."

"बरं बाबा," म्हणून यशोदाबाई जवळ्याकडे वळली. बिवलकरने मान डोलावली.

परत आल्यावर जयप्रकाशने त्याला नाफडेच्या फ्लॅटमध्ये नेलं. नळ सोडून दाखवला, खिडक्या उघडल्या, गॅलरीत उभं केलं. खाडीवरून खरोखरच छान वारा येत होता.

"इथे राहता तुम्ही?" बिवलकरने विचारलं.

"मी वरती. हा तुम्हाला."

"मला?"

तेवढ्यात जिन्यावरून वैजयंती घाईघाईने उतरली. "अहो, कुठे होता? मघाशी कोणी फ्लॅट बघायला आले, कुलूप बघून परत गेले. आणि वॉचमन म्हणाला, विमा ऑफिसचे साहेब सकाळीच आले होते, ते म्हणे तुमच्याबरोबरच..."

बिवलकरने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मीच तो."

जयप्रकाशला मटकन खाली बसावंसं वाटलं. तेही शक्य नव्हतं.

"साहेब, मी खोटं बोललो."

"म्हणजे दुखतं?"

"भयंकर दुखतं. ते ठणठणीत वगैरे सगळं फ्लॅटसाठी होतं."

"आंब्रे," बिवलकर शांतपणे म्हणाला, "अर्जदार माझ्याशी खोटं बोलतात, ते रोजचंच आहे. पण मी धडधाकट आहे असं खोटं सांगणारा अजून जन्माला यायचाय. तेव्हा ते खरंच असणार."

पुढे मेडिकल बोर्ड भरलं. तीन डॉक्टर टेबलामागे बसले होते. मधल्या वयस्कर डॉक्टरांनी बिवलकरचा अहवाल वाचून वर पाहिलं.

"कंबरदुखी खाडीत गेली म्हणे तुमची?"

"ती कंबरदुखी, साहेब. माझं माकडहाड आहे."

डावीकडचे डॉक्टर खो खो हसले. मग त्याला स्टुलावर बसायला सांगितलं. तो बसला. कळ यायच्या आतच उठायलाही सांगितलं. "बसता की छान!" म्हणून अर्ज नामंजूर झाला.

जयप्रकाश पुन्हा तुर्भ्याच्या स्टुलावर रुजू झाला. जरा कॉइल गुंडाळायची, उठून एक चक्कर मारायची, पुन्हा बसायचं. फोरमनने दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा देणार नाही, असंही सांगितलं. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा ओठ आवळून आवळून त्याचा जबडा दुखत असे. वैजयंतीने रॉकेलचे कॅन लोकांच्या दारात नेऊन परत ठेवले.

नाफडेच्या फ्लॅटला मात्र भाडेकरू मिळाला. महिना संपायच्या आत टेम्पो आला, त्यातून गाद्या उतरल्या, डबे उतरले, आणि शेवटी काखेत बॅग धरून श्यामसुंदर बिवलकर उतरला. गिरगावात एका खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला ती गॅलरी काही केल्या विसरता आली नव्हती.

"माझं दुखणं सोडून बाकी सगळं पटलं त्याला," जयप्रकाश खिडकीतून बघत म्हणाला.

दोन-तीन रविवार गेले. मग एका रविवारी दुपारी दारावर थापा पडल्या. दारात लेंगा-बनियनवर बिवलकर उभा होता. डोळे लाल, केस उभे.

"आंब्रे, हद्द झाली! रविवारी दुपारी माणसाने तासभर आडवं व्हायचं की नाही? खिडकी ते दार, दार ते ओटा, ओटा ते खिडकी! डोक्यावर नुसता धाड धाड! सकाळी तेच, संध्याकाळी तेच. जेवताना तरी माणूस टेकतो की नाही? माझी बायको म्हणते, वर माणूस राहतो की पिठाची गिरणी? अहो, मी इथे आल्यापासून तुम्ही एक क्षण बसलेला नाहीत!"

वैजयंती हात पुसत पुढे आली.

"साहेब, जरा परत बोला ते."

"काय परत बोलू? मी म्हणतो, हा माणूस एक क्षणसुद्धा ब..."

बिवलकरचं वाक्य तिथेच अडकलं. वैजयंतीने खुर्ची पुढे केली. तो बसला. समोर जयप्रकाश खिडकीपासून दारापर्यंत जात होता, दारापासून ओट्यापर्यंत येत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. आठवडाभराच्या स्टुलाने त्याचा पार भुगा केला होता.

बिवलकरची मान त्याच्याबरोबर इकडून तिकडे फिरत राहिली.

"रोज असंच?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही खालून ऐकताच की."

"ऐकतो हो," बिवलकर म्हणाला. "चांगलंच ऐकतो."

फेरतपासणीचा अर्ज त्याने स्वतःच लिहून दिला आणि तपासणीच्या दिवशी बोर्डापुढेही तो जयप्रकाशबरोबर गेला. तेच तीन डॉक्टर होते. बिवलकरने एकच विनंती केली की याला बसवा आणि आपली दुसरी कामं करा. जयप्रकाश बसला. डॉक्टरांनी चहा मागवला, तो आला, पिऊन झाला, मधल्या डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला. कोणाचं तरी सहज लक्ष गेलं तेव्हा जयप्रकाशचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्याने दोन्ही हातांनी स्टुलाची कड गच्च धरली होती. तो टेबलाला धरून कसाबसा उठला. डावीकडचे डॉक्टर या वेळी हसले नाहीत.

"हे आधी का नाही दाखवलंत?" मधल्या डॉक्टरांनी विचारलं.

"आधी तुम्ही एवढा वेळ बसवलंच नाही, साहेब."

डॉक्टरांनी बिवलकरकडे मोर्चा वळवला. "पण अधिकारी तुम्हीच ना? पहिल्या अहवालात तुम्हीच लिहिलंय, ठणठणीत म्हणून. आता एकदम एवढी खात्री कशी?"

"साहेब, आता मी त्याच्या खाली राहतो," बिवलकर कळवळून म्हणाला. "तुम्ही याला पेन्शन तरी द्या, नाहीतर मला दुसरी खोली तरी द्या."

बोर्डाने पेन्शन मंजूर केलं. खोली देणं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं.